प्लग बदलूनही पुन्हा काळा पडतो, तेव्हा नेमकं काय तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा. पेट्रोलची चार सिलिंडरची गाडी सकाळी थंड असताना स्टार्ट केली की पहिली काही मिनिटं मिसिंग मारते, आयडलिंगला थरथरते आणि गरम झाली की निमूट चालायला लागते. स्कॅनर पी०३०३ दाखवतो, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग (मिश्रण नीट न पेटणं). चारही प्लग नवे टाकले, महिना-दीड महिना बरं गेलं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. उघडून पाहिलं तर तिसरा प्लग काळाकुट्ट, बाकी तीन चांगले. आता एक जण ‘हॉट’ (टोक जास्त तापणारा) प्लग टाका म्हणतो, दुसरा इरिडियम धातूच्या टोकाचा. यातलं काय करावं?

सध्या दोन्ही नको. नवा प्लग महिनाभर चालला आणि मग बिघडला, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती आहे. प्लगच खराब असता तर बदलल्यावर विषय संपला असता. त्या सिलिंडरमध्ये काहीतरी जास्त येतंय किंवा तिथली ठिणगी कमी पडतेय, आणि प्रत्येक नवा प्लग त्याला बळी पडतोय. तेव्हा प्लगकडे साक्षीदार म्हणून बघा, त्याला आरोपी करू नका.

आधी प्लग ‘फाउल’ होतो म्हणजे काय होतं ते बघू, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या त्यावरच उभ्या आहेत. प्लगच्या टोकाशी मधल्या इलेक्ट्रोडभोवती पांढरं सिरॅमिकचं नाक असतं. कॉइलमधून (प्लगला वीज देणारा भाग) येणारा विजेचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो आणि पुरेसा चढला की इलेक्ट्रोडमधली फट, म्हणजे गॅप, ओलांडून ठिणगी पडते. सिरॅमिकवर काजळी बसली की तीच विजेला वाट करून देते. मधल्या इलेक्ट्रोडवरून करंट काजळीतून सरकत प्लगच्या लोखंडी अंगात जातो आणि तिथून हेडला, म्हणजे प्लग ज्यात बसतो त्या इंजिनच्या वरच्या भागाला. टाकीला खाली भोक असेल तर नळ कितीही सोडा, पातळी चढत नाही. तसा व्होल्टेज गॅप ओलांडण्याइतका चढतच नाही. ठिणगी नाही म्हणून पेट्रोल जळत नाही, न जळलेलं पेट्रोल प्लग ओला करतं, आणि ओल्या प्लगवर आणखी काजळी धरते. एकदा हे चक्र सुरू झालं की प्लग फार झपाट्याने जातो.

ही काजळी जाळून टाकायची सोय प्लगमध्येच असते. नाकाचं तापमान साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की कार्बन आपोआप जळतो. वरची मर्यादा ८५० अंशांच्या आसपास; त्याच्या बरंच पुढे गेलं तर तापलेलं टोकच ठिणगीआधी मिश्रण पेटवायला लागतं आणि त्यात पिस्टनला भोकही पडू शकतं. खालचं टोक गाठायला गाडी थोडी तरी दामटावी लागते. रोज स्टार्ट करून चार पावलं हलवायची आणि बंद करायची, अशा गाडीचा प्लग कधी स्वच्छ होतच नाही. विक्रीआधी आवारात नुसत्या इकडून तिकडे हलवलेल्या कोऱ्या गाड्यांचे प्लग फाउल होतात ते यामुळेच. तुमचा वापर तसा असेल तर सांगा, पण मग चारही प्लग काळे व्हायला हवे होते.

मिसिंग कधी होतं यावरूनही बरंच कळतं. थंड असताना मिसिंग आणि गरम झाल्यावर ठीक, हा फाउलिंगचा नेहमीचा नमुना. चढावर किंवा जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर मिसिंग असेल तर झिजून वाढलेला गॅप किंवा दमलेली कॉइल, कारण सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. आणि गरम इंजिनवर, फक्त जास्त वेगात मिसिंग होत असेल तर सिरॅमिकवर पिवळसर चकाकणारा थर आहे का बघायचं. तो थर थंड असताना वीज वाहू देत नाही, तापला की वाहू देतो, त्यामुळे गॅरेजमध्ये उभ्या गाडीत काही सापडत नाही.

आता प्लग काढण्याबद्दल. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर आटे ओरबाडून निघतात, म्हणून इंजिन थंड हवं. कॉइल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यात आधी हवा मारा, नाहीतर तिथली वाळू सरळ सिलिंडरमध्ये पडते. पुठ्ठ्याला चार भोकं पाडा, आकडे लिहा, प्लग काढला की त्याच्या भोकात खोचा. चार प्लग एका डब्यात खडखडत समोर आले की निम्मी माहिती तिथेच गेलेली असते.

काढायच्या आधी गाडी कशी चालली होती यालाही महत्त्व आहे. दहा मिनिटं आयडलिंगवर ठेवून प्लग काढला तर तो थोडाफार काळा दिसणारच. तुमच्या बाबतीत मी तिसरा प्लग दोनदा बघायला सांगेन. एकदा सकाळी: थंड गाडी स्टार्ट करा, मिसिंग सुरू झालं की अर्ध्या मिनिटात बंद करा आणि लगेच तिसरा प्लग काढा, एवढ्यात हेड तापत नाही. दुसऱ्यांदा, पंधरा-वीस किलोमीटर एका लयीत चालवून, थांबल्यावर आयडलिंगला न ठेवता बंद करून, इंजिन पूर्ण निवल्यावर. पहिल्या वेळी प्लग कशाने ओला आहे ते कळतं, दुसऱ्या वेळी त्यावर कायमचं काय बसतंय ते.

बघताना रंगाआधी मांडणी बघा. चारही प्लग सारखेच काळे असतील तर कारण सामायिक: तुंबलेला एअर फिल्टर, जास्त फ्युएल प्रेशर, चुकीचं तापमान सांगणारा कूलंट सेन्सर, उघडा अडकलेला थर्मोस्टॅट, पेट्रोलची वाफ सतत आत सोडणारा पर्ज व्हॉल्व, किंवा नुसता जवळच्या जवळ वापर. एकच काळा असेल तर दोष त्याच सिलिंडरपुरता: त्याची कॉइल, त्याचा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), त्याचे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्वच्या दांड्यावरून ऑइल आत येऊ न देणारं व्हॉल्व सील. दोन शेजारी-शेजारी बिघडले तर हेड गॅस्केटकडे बघावं लागतं. दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असलेल्या गाड्यांत एक आणि चार किंवा दोन आणि तीन अशी जोडी बिघडते. तुमचा एकटा तीन नंबर गेलाय, म्हणजे एअर फिल्टर आणि टाकीत ओतायची औषधं आत्ताच यादीतून खोडून टाका. ती घालून नुकसान नाही, पण तीन नंबरवर हवा आणि पेट्रोल काही वेगळ्या टाकीतून येत नाही.

मग स्पर्श आणि वास. बोट फिरवलं आणि मखमली काळी भुकटी निघाली तर कोरडा कार्बन: मिश्रण रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) आहे किंवा ठिणगी कमजोर. काळा, चकचकीत, चिकट असेल तर ऑइल. ओला आहे पण कशाने ते कळत नसेल तर पांढऱ्या कागदावर प्लगचं टोक टेकवा आणि पाच-दहा मिनिटं कागद तसाच ठेवा. पेट्रोलचा डाग उडून जातो, फार तर मागे राखाडी कड राहते. ऑइलचा डाग राहतो, पसरतो आणि कागद उजेडाकडे धरला की तिथे अर्धपारदर्शक दिसतो. सकाळच्या तपासणीत ही चाचणी मोठमोठ्या यंत्रांइतकी बोलते.

इतर खुणा पटकन सांगतो. फिकट, खडबडीत, नखाने खरवडावी लागणारी राख ऑइलमधल्या किंवा पेट्रोलमधल्या ॲडिटिव्हची असते. विटकरी-तांबूस थर दिसला तर पेट्रोलमध्ये मँगनीज किंवा लोहयुक्त ॲडिटिव्ह आहे असं समजा. एकच प्लग बाकीच्यांपेक्षा संशयास्पद स्वच्छ असेल, जणू वाफेने धुतलाय, किंवा त्यावर पांढरट खडूसारखा थर असेल, तर कूलंट आत येतोय. सिरॅमिकवर फोड आणि इलेक्ट्रोड वितळल्यासारखा, हे अतितापाचं लक्षण. फाउलिंगचा तिथे संबंध नाही.

रंगाबद्दल जुनी समजूत मात्र सोडा. चांगला प्लग बिस्किटी-तपकिरी दिसला पाहिजे, हे शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं. आजच्या पेट्रोलवर, मिश्रण कॉम्प्युटर सांभाळत असताना, मळकट पांढरा ते फिकट राखाडी रंग नॉर्मल आहे. पांढरा दिसला की ‘लीन चालतेय’ (पेट्रोल कमी, हवा जास्त) म्हणून धावाधाव करू नका. तसंच प्लगच्या लोखंडी कडेवरची काळी रिंग, विशेषतः डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत, मनावर घेऊ नका. बघायचं ते सिरॅमिकचं नाक, तेही आत मुळाशी, बॅटरी आणि भिंग घेऊन. गळती तिथूनच होते.

दोन गोष्टींवरून हमखास गोंधळ होतो. पहिली, प्लगच्या खड्ड्यात वरून साचलेलं ऑइल. ते टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून, प्लगच्या नळीभोवतीच्या सीलमधून येतं. सिलिंडरशी त्याचा संबंध नाही. प्लग काढताना तेच ऑइल आट्यांना लागतं आणि लोक रिंग गेल्याचा निष्कर्ष काढतात. आटे सोडा, नाक बघा. मात्र त्या ऑइलने कॉइलचं रबर फुगतं आणि ठिणगी बाहेरूनच पळू लागते, म्हणून सील बदलावंच लागतं. दुसरी, बाहेरच्या सिरॅमिकवर षटकोनाच्या लगत असलेला तपकिरी पट्टा. ‘प्लगमधून कॉम्प्रेशन गळतंय’ असं म्हणून असे प्लग फेकले जातात. प्रत्यक्षात उच्च दाबाच्या विजेने तिथल्या हवेतले ऑइलचे कण सिरॅमिकला चिकटतात, त्याचा तो डाग, निरुपद्रवी आहे. त्याऐवजी उभी, पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ती गंभीर. वीज बाहेरून सरकत खाली गेल्याची ती वाट आहे, आणि रबराच्या आतही तिची जुळी रेघ सापडते. अशा वेळी प्लग आणि रबर दोन्ही एकदम बदला. जुनं रबर ठेवलं तर नव्या प्लगवर पुन्हा तीच रेघ उमटते.

आता तुमच्या तीन नंबरकडे. संशयित माझ्या मते तीन: कमजोर कॉइल, रात्रभर थेंब-थेंब गळणारा इंजेक्टर, आणि व्हॉल्व सील. तिघांचंही लक्षण ‘सकाळी मिसिंग, नंतर ठीक’ असंच असतं, म्हणून ते अंदाजाने वेगळे होत नाहीत.

कॉइलपासून सुरुवात करा, कारण त्याला खर्च नाही. तीन आणि एक नंबरच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी स्टार्ट करा. पी०३०१ आला तर कॉइल सापडली. नव्या प्लगचा गॅप नेमका आणि कडा धारदार असतात, त्यामुळे त्याला कमी व्होल्टेज पुरतं आणि दमलेली कॉइलसुद्धा काही आठवडे वेळ मारून नेते. तुमच्या महिना-दीड महिन्याचा उलगडा यातून होऊ शकतो. कोड तीनवरच राहिला तर आता फक्त प्लगची अदलाबदल करा आणि पुन्हा रात्रभर थांबा. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. प्लग, कॉइल, इंजेक्टर सगळं एकदम हलवलं आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कधीच कळत नाही. चालू इंजिनवर कॉइल उपटून ‘कुठल्या सिलिंडरला फरक पडत नाही’ हे बघायची पद्धत मात्र टाळा. शॉक जबरदस्त बसतो, कॉइल जळू शकते आणि न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं.

सकाळचा प्लग पेट्रोलने ओला निघाला आणि कॉइल निर्दोष ठरली तर इंजेक्टर. सकाळी स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त फिरवावा लागतो का, सुरू झाल्यावर सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास येतो का, हे आठवून बघा. फ्युएल रेलवर गेज लावून इंजिन बंद केल्यावर प्रेशर किती वेळ टिकतं ते बघितलं जातं; मात्र प्रेशर पडलं तरी ते इंजेक्टरमधूनच पडलं असं नाही, पंपातला एकेरी व्हॉल्वही असू शकतो. रेल उचलून कुठला इंजेक्टर ठिबकतोय ते बघणं हे खात्रीचं, पण उघड्या पेट्रोलचं काम आहे. ते घरी करू नका.

इथे स्कॅनर वाचताना एक फसगत होते. एक सिलिंडर मिसिंग मारत असला की त्यातली न वापरलेली हवा तशीच एक्झॉस्टमध्ये येते. ऑक्सिजन सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो, न जळलेलं पेट्रोल नाही. तो ‘लीन’ सांगतो आणि कॉम्प्युटर सगळ्याच सिलिंडरना पेट्रोल वाढवून देतो. फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटरने पेट्रोल किती वाढवलं-घटवलं तो आकडा) प्लसमध्ये दिसतं, म्हणून कुणी व्हॅक्यूम लीक, म्हणजे चोरवाटेने आत येणारी हवा, शोधत बसतो आणि इकडे प्लग तर काळे पडत असतात. मिसिंग चालू असतानाचं ट्रिम जमेला धरू नका. गरम होऊन इंजिन लयीत आल्यावरचं बघा.

प्लग ऑइलने ओला असेल तर धूर बघा. रात्रभर उभी राहिल्यावर स्टार्ट करताच निळसर धुराचा एक भपका आणि मग काही नाही, हे व्हॉल्व सीलचं. लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून आल्यानंतर पुन्हा दाबताच धूर, तोही बहुधा सील किंवा व्हॉल्वचा दांडा ज्यात सरकतो त्या गाइडचाच. जोर लावला की सतत धूर येत असेल तर रिंग. मग कॉम्प्रेशन मोजा: चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, इंजेक्टर आणि इग्निशनचे फ्यूज काढून. आकडा किती यापेक्षा चारांतला फरक महत्त्वाचा. एखादा बाकीच्यांपेक्षा १०-१५ टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट. आणि हे ध्यानात असू द्या की व्हॉल्वच्या दांड्याचं सील कॉम्प्रेशनमध्ये दिसत नाही. कॉम्प्रेशन उत्तम आणि प्लग ऑइलने ओला, म्हणजे सीलवरचा संशय उलट बळावतो. ‘कॉम्प्रेशन चांगलं आहे, इंजिनला काही झालं नाही’ म्हणून इथेच बरेच जण परत फिरतात.

मल्टिमीटर असेल तर प्लगच्या वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत रेझिस्टन्स मोजा. रेझिस्टर प्लगमध्ये तो साधारण ५ किलोओमच्या आसपास येतो. काहीच दाखवत नसेल तर रेझिस्टर आतून तुटलाय. वरच्या टोकापासून आट्यांपर्यंत मात्र काहीच दाखवायला नको. तिथे आकडा आला, मेगाओममध्ये का होईना, तर काजळीतून गळती नक्की. उलट आकडा आला नाही म्हणून प्लग निर्दोष ठरत नाही, कारण मीटर थोड्याशा व्होल्टवर मोजतो आणि प्लगला हजारो व्होल्टवर काम करायचंय.

काळा प्लग साफ करून चालेल का? साध्या निकेल प्लगवर नुसती कोरडी काजळी असेल तर क्लीनरच्या फवाऱ्याने धुऊन, पूर्ण वाळवून, तपासणीपुरता वापरा. तारेच्या ब्रशने घासू नका; ब्रशचा धातू सिरॅमिकवर रेघा सोडतो आणि काजळीच्या जागी धातूची वाट तयार होते. इरिडियमच्या प्लगला ब्रश तर नाहीच, गॅप मोजतानाही गेज मधल्या इलेक्ट्रोडवर दाबू नका. ते टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, टचकन तुटतं.

आता हॉट प्लग. हॉट प्लगचं सिरॅमिकचं नाक लांब असतं, उष्णता हेडकडे जायला वेळ लागतो, म्हणून टोक जास्त तापतं आणि काजळी जळते. त्यामुळे लक्षण लपेल, कारण तसंच राहील. ऑइल पिणाऱ्या जुन्या इंजिनला एक पायरी जास्त हॉट प्लग टाकून दिवस ढकलतात, ते मला समजू शकतं. चांगल्या इंजिनला, त्यातून टर्बोला, तो देऊ नये. शिवाय आकड्यांचा घोळ आहेच: एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा मोठा म्हणजे गरम. कंपनी बदलताना याच घोळात उलटा प्लग बसतो. तेव्हा आत्ता बसलेल्या प्लगचा नंबर मॅन्युअलशी एकदा ताडून बघाच. इरिडियमचं म्हणाल तर त्याच्या बारीक टोकावर ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये पडते आणि ते टिकतंही जास्त, पण त्याचं सिरॅमिक इतरांइतकंच काळं होतं.

बसवताना प्लग आधी हाताने पूर्ण आत जाऊ द्या, पाना नंतर. वॉशर असलेला १४ मिमी आट्यांचा प्लग ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीचा १५ ते २०; तुमच्या मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तोच पाळा. टॉर्क पाना नसेल तर नवा वॉशरवाला प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, वॉशर नसलेला निमुळत्या बैठकीचा फक्त एक षोडशांश. ढिला प्लग उष्णता हेडला देऊ शकत नाही आणि जळतो. आट्यांना ग्रीस लावायचा मोह टाळा. त्याने त्याच टॉर्कवर प्लग जास्त आवळला जातो.

हे सगळं होईपर्यंत गाडी चालवावी का? चेक इंजिन लाइट स्थिर असेल आणि मिसिंग पहिल्या काही मिनिटांपुरतं असेल तर जोर न लावता कामापुरती चालवा. लाइट लुकलुकायला लागला तर बाजूला घेऊन बंद करा. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर जाळण्याइतकं बाहेर जातंय, आणि कन्व्हर्टर गेला तर त्याच्यापुढे कॉइल, इंजेक्टर आणि चारही प्लग मिळूनसुद्धा स्वस्तच पडतात.